खोक्यावर ४.४, विंडोजमध्ये १.३०, टास्क मॅनेजरमध्ये ०.३९: यातला खरा वेग कुठला?

प्रश्न गुहागरहून आला आहे आणि त्यात तीन तक्रारी आहेत. मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेल्या नव्या लॅपटॉपच्या खोक्यावर '४.४ गिगाहर्ट्झपर्यंत' असं छापलंय, पण विंडोजच्या सिस्टिम पानावर १.३० दिसतं, म्हणजे दुकानदाराने फसवलं का? त्याच लॅपटॉपवर लिनक्स चालवलं तर प्रोसेसरमधला एक कोर (स्वतंत्रपणे काम करणारा भाग) ४०० मेगाहर्ट्झ सांगतो, शेजारचा ४२००, आणि दर वेळी आकडे वेगळे. तिसरी तक्रार दुकानातल्या जुन्या लॅपटॉपची: मे महिन्यापासून टास्क मॅनेजरमध्ये वेग ०.३९ वर अडकलाय, साधा सातबारा उघडून छापायचा तर गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं. नवा लॅपटॉप इंटेल कोअर आय५-१२३५यू, जुना आय५-८२५०यू.

पहिल्या तक्रारीत फसवणूक नाही, दुसऱ्यात बिघाड नाही, तिसऱ्यात मात्र खरा बिघाड आहे आणि तो बहुतेक वेळा दुरुस्त होतो. तिन्हींचं मूळ एकच: 'प्रोसेसरचा वेग' या एका नावाखाली ऑपरेटिंग सिस्टिम चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दाखवते आणि कुठला आकडा कशाचा हे कुठेच लिहीत नाही.

आधी सिस्टिम पानावरची ओळ घेऊ. तिचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे प्रोसेसरचं नाव. ते चिपमध्येच ४८ बाइटच्या मजकुराच्या रूपात असतं आणि सीपीयूआयडी नावाची सूचना देऊन ऑपरेटिंग सिस्टिम ते जसंच्या तसं उचलते. तुमच्या जुन्या ८२५०यूच्या नावातच '@ १.६०' हे शब्द आहेत. ते मोजमाप नाही, पाटी आहे. घरावर 'सागर दर्शन' लिहिलं म्हणून खिडकीतून समुद्र दिसतोच असं नाही, तसंच. दुसरा भाग म्हणजे विंडोजने मशीन सुरू होताना ठरवून ठेवलेला एकच आकडा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, हार्डवेअर, डिस्क्रिप्शन, सिस्टिम, सेंट्रल-प्रोसेसर या वाटेने गेलात की '~एमएचझेड' नावाची नोंद सापडते, ती हीच. मशीन चालू असताना ती बदलत नाही. म्हणजे दिवसभर १.३० दिसतं याचा अर्थ प्रोसेसर दिवसभर १.३० वर धावतो असा नव्हे.

या दोन भागांत फरक पडला की लोक घाबरतात. ८२५०यूवर विंडोज '१.६०' आणि पुढे '१.८०' असं एकाच ओळीत दाखवतं. १.६० हा इंटेलने १५ वॉटच्या मर्यादेत दिलेला मूळ वेग, १.८० हा त्याच चिपला २५ वॉट मिळाले तर मिळणारा मूळ वेग. चिपच्या आतला टाइमस्टँप काउंटर, म्हणजे सतत एकाच चालीने मोजत राहणारा मोजणीदार, याच १.८० च्या चालीने चालतो आणि विंडोजच्या हाती तो लागतो. अकराव्या पिढीच्या आय५-११३५जी७ वर २.४० आणि २.४२ दिसतात, त्याचं कारण आणखी साधं आहे: तिथला मूळ ठोका देणारा स्फटिक ३८.४ मेगाहर्ट्झचा, त्याची ६३ पट २४१९.२. छापणाऱ्याने गोल केलं, मोजणाऱ्याने केलं नाही. बाराव्या पिढीपासून इंटेलने नावातून '@' आणि पुढचा आकडा काढूनच टाकला, म्हणून तुमच्या नव्या लॅपटॉपवर एकटं १.३० उरलं. एएमडी रायझेनच्या नावातही वेग नसतो.

आता १.३० आणि ४.४ यांचं नातं. १२३५यूमध्ये दोन जातीचे कोर आहेत: २ मोठे, ८ छोटे, मिळून १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालू शकणारी कामं. मोठ्यांचा मूळ वेग १.३, कमाल ४.४. छोट्यांचा मूळ ०.९, कमाल ३.३. मूळ वेग म्हणजे 'सगळे कोर कामाला लावले आणि वीज १५ वॉटच्या वर जाऊ दिली नाही तरी एवढा मिळेल' असं कंपनीचं वचन. कमाल वेग म्हणजे 'काम थोडं असेल, वीज आणि गारवा मुबलक असेल, तर एखादा मोठा कोर क्षणभर इथपर्यंत जाईल'. याच चिपला थोड्या वेळासाठी ५५ वॉटपर्यंत ओढायची मुभा आहे. ती किती सेकंद वापरायची हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. २८ सेकंद हे त्यात वारंवार दिसणारं मूल्य. म्हणून एखादी मोठी फाइल झिप करायला लावली की सुरुवातीला आकडा उंच उडतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास खाली येऊन स्थिरावतो. हा बिघाड नाही, तसंच ठरवलेलं आहे. खोक्यावर '४.४ पर्यंत' मधला 'पर्यंत' छोट्या अक्षरात छापतात ही तक्रार मात्र रास्त आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. प्रोसेसरमध्ये वेग दाखवणारा काटा नसतो. एसटीच्या ड्रायव्हरसमोर असतो तसा स्पीडोमीटर तिथे नाहीच. तिथे आहेत फक्त मोजणी करणारे काउंटर, म्हणजे किलोमीटर मोजणाऱ्या चाकासारखे. दोन वेळा वाचायचं, वजाबाकी करायची, भागायचं, मग वेग निघतो. समजा गुहागरहून निघालेली एसटी ४५ किलोमीटरवरच्या चिपळूणला दीड तासात पोचली आणि वाटेत शृंगारतळी धरून सगळे थांबे मिळून अर्धा तास उभी राहिली. तिचा वेग किती? थांबे धरले तर ताशी ३०, धावतानाचा विचारला तर ४५. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

इंटेल आणि एएमडीच्या चिपमध्ये यासाठी दोन खास काउंटर आहेत, एमपर्फ आणि एपर्फ. कोर जागा असेल तेव्हाच दोन्ही चालतात. झोपला की दोन्ही थांबतात. एमपर्फ ठरलेल्या चालीने मोजतो, एपर्फ कोरच्या प्रत्यक्ष चालीने. ८२५०यूवर एक सेकंदाच्या फरकाने वाचन घेतलं आणि एमपर्फ १८ कोटींनी वाढला, एपर्फ ३४ कोटींनी, असं धरा. ठरलेली चाल सेकंदाला १८० कोटी असताना १८ कोटीच मोजले गेले, म्हणजे कोर सेकंदाचा दहावा हिस्साच जागा होता. जागेपणीचा वेग १.८ गुणिले ३४ भागिले १८, म्हणजे ३.४ गिगाहर्ट्झ. आणि सबंध सेकंदाची सरासरी काढली तर ३४ कोटी, म्हणजे ०.३४ गिगाहर्ट्झ. तोच कोर, तोच सेकंद, पण एक प्रोग्राम ३.४ म्हणेल आणि दुसरा ०.३४. कुणीही खोटं बोलत नाही.

टास्क मॅनेजरमधला 'स्पीड' हा जागेपणीचा वेग असतो. मूळ वेगाला विंडोजच्या '% प्रोसेसर परफॉर्मन्स' या काउंटरने गुणून तो काढतात, आणि सगळ्या कोरांचा मिळून एकच आकडा मोठ्या अक्षरात दाखवतात. दोन जातींचे कोर असलेल्या तुमच्या लॅपटॉपवर तो आकडा आंबे आणि काजू एकाच तराजूत टाकल्यासारखा आहे. त्यावरून मोठा कोर ४.४ ला पोचला की नाही हे कळणार नाही. शिवाय तो दर सेकंदाला एकदा ताजा होतो. कोर मिलिसेकंदांत वर-खाली जात असतो, त्यातले शेंडे सरासरीत बुजून जातात. अपडेट स्पीड (विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' मेनूत, आताच्या विंडोज ११ मध्ये टास्क मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये) 'हाय' केलात तर अर्ध्या सेकंदाने वाचन मिळतं, थोडा फरक पडतो, इतकंच.

नीट बघायचं असेल तर एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम घ्या आणि सुरू करताना 'सेन्सर्स ओन्ली' निवडा. त्यात प्रत्येक कोरसाठी 'कोअर क्लॉक' आणि 'इफेक्टिव्ह क्लॉक' अशा दोन वेगळ्या ओळी असतात. पहिली धावतानाच्या वेगाची, दुसरी थांबे धरून. मशीन निवांत असताना पहिली ३००० दाखवते आणि दुसरी ४०. वरचा हिशेब वाचल्यावर त्यात नवल उरत नाही.

याच भागात आणखी एक घोळ आहे, त्याने फार लोक चकतात: टास्क मॅनेजरमधलं '१००%'. विंडोज ८ पासून तिथे नुसता वेळ नाही, वेळ गुणिले वेग असा हिशेब होता, त्याला 'प्रोसेसर युटिलिटी' म्हणतात. १.३ मूळ वेगाचा प्रोसेसर अर्धाच वेळ कामात असला पण ३.९ वर धावला, तर हिशेब १५०% येतो. टास्क मॅनेजर त्याला १०० वर छाटतो. मग लॅपटॉप अर्धा मोकळा असतानाही 'फुल्ल' दिसतो आणि लोक अँटिव्हायरसला शिव्या घालतात. मूळ वेग जितका खाली, तितका हा भ्रम मोठा. १२३५यूवर तर फारच. २०२५ मधल्या विंडोज ११ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने हा हिशेब बदलून वेळेवर आधारित केला आणि जुना आकडा 'डिटेल्स' टॅबमध्ये 'सीपीयू युटिलिटी' नावाच्या लपवलेल्या रकान्यात ठेवला. रिसोर्स मॉनिटरमध्ये निळी रेघ 'मॅक्सिमम फ्रिक्वेन्सी' म्हणून १०० च्या वर गेलेली दिसते, तीही मूळ वेगाच्या टक्केवारीत असते. नावात 'मॅक्सिमम' आहे म्हणून फसू नका. पॉवरशेलमधून प्रोसेसरची माहिती काढली की मिळणारा 'मॅक्स-क्लॉक-स्पीड' हाही त्याच पंगतीतला: नाव कमाल, आकडा मूळ वेगाचा; टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वरची धाव, त्यात धरलेलाच नाही.

आणि ३.४० ऐवजी ३.३९, ०.४० ऐवजी ०.३९ का? मूळ १०० मेगाहर्ट्झचा ठोका मुद्दाम किंचित डळमळता ठेवतात, जेणेकरून त्याची रेडिओ गडबड एकाच ठिकाणी साचू नये. ही डळमळ खालच्या बाजूलाच असते, म्हणून सरासरी ठोका ९९.७ ते ९९.८ च्या घरात येतो. त्याची चौपट ३९९. टास्क मॅनेजरने दोन दशांशांनंतरचं कापलं की ०.३९.

लिनक्सकडे वळू. 'प्रोक' खाली 'सीपीयूइन्फो' फाइल उघडलीत की प्रत्येक कोरसाठी 'सीपीयू एमएचझेड' अशी ओळ दिसते. आताचे कर्नल (लिनक्सचा गाभा) इंटेल-एएमडीवर ती एपर्फ-एमपर्फच्या हिशेबानेच भरतात, पण मागच्या २० मिलिसेकंदांतलं ताजं वाचन हाताशी असेल तरच. कोर त्याहून जास्त वेळ झोपलेला असेल तर त्याला निव्वळ आकड्यासाठी उठवत नाहीत. वेग सांभाळणाऱ्या ड्रायव्हरकडे जो जुना किंवा किमान आकडा असेल तो छापून मोकळे होतात. तुमचे ४०० वाले कोर म्हणजे झोपलेले कोर. त्यांचा ठोका त्या क्षणी थांबलेलाच असतो, तेव्हा 'वेग किती' हा प्रश्नच त्यांना लागू होत नाही. आणि ४२०० वाला कोण? बहुतेक वेळा ती फाइल वाचण्याचं काम ज्याच्या वाट्याला आलं, तोच. म्हणजे मोजायला गेलात म्हणून तो धावला. ती फाइल पुन्हापुन्हा उघडून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

जुन्या लॅपटॉपवर तीच फाइल उघडलीत तर 'बोगोमिप्स ३६००' दिसेल. तो वेग नाही; काउंटरच्या १८०० ची दुप्पट आहे. कर्नलला छोटे विलंब घालण्यासाठी लागणारा तो अंदाज आहे, आणि नावातच 'बोगस' आहे. मोबाइलमध्ये असतात तशा एआरएम जातीच्या चिपच्या काही मशीनवर तर तो ३८.४० असा हास्यास्पद दिसतो, कारण तिथे १९.२ मेगाहर्ट्झच्या टायमरवरून काढलेला असतो.

'सिस' खाली प्रत्येक कोरच्या 'सीपीयूफ्रीक' फोल्डरमध्ये ज्या फाइली असतात त्यांचे आकडे किलोहर्ट्झमध्ये असतात; ४४००००० म्हणजे ४.४ गिगाहर्ट्झ. 'सीपीयूइन्फो-मॅक्स-फ्रीक' ही चिपची मर्यादा, 'स्केलिंग-मॅक्स-फ्रीक' ही सॉफ्टवेअरने घातलेली मर्यादा. या दोन वेगळ्या असतील तर कुणीतरी, बहुधा बॅटरी वाचवणाऱ्या प्रोग्रामने, लगाम घातलाय. इंटेलवर 'इंटेल-पीस्टेट' फोल्डरमधली 'नो-टर्बो' फाइलही बघा. तिथे १ असेल तर टर्बो बंद.

खात्रीचं साधन मात्र 'टर्बोस्टॅट'. रूटच्या अधिकाराने चालवावं लागतं आणि दर ५ सेकंदांनी तक्ता देतं. त्यातले चार रकाने पुरेत. 'बिझी %' म्हणजे जागेपणाचा हिस्सा, 'बिझी-एमएचझेड' म्हणजे धावतानाचा वेग, 'ॲव्हरेज-एमएचझेड' म्हणजे थांबे धरून, आणि 'टीएससी-एमएचझेड' म्हणजे तो ठरलेल्या चालीचा काउंटर. पहिल्या दोघांचा गुणाकार तिसरा. शेजारीच तापमान आणि वॉट असतात, त्यामुळे वेग कशाने अडला तेही तिथेच कळतं: वॉट १५ ला चिकटलेत तर वीजमर्यादा, तापमान १०० ला चिकटलंय तर उष्णता. दोन्ही खाली असून वेग उठत नसेल तर बाहेरून कुणीतरी धरून ठेवलंय.

गंमत अशी की आजच्या चिपवर वेग ऑपरेटिंग सिस्टिम ठरवतच नाही. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून, 'स्पीड शिफ्ट' आलं. सिस्टिम फक्त कल सांगते, जोर हवा की बचत. नेमका वेग चिप स्वतः ठरवते. म्हणून सिस्टिमलाही स्वतःच्याच प्रोसेसरचा वेग नंतर काउंटर वाचून कळतो. सगळ्या घोळाचं मूळ हे आहे.

शाळांच्या लॅबमध्ये दिसणाऱ्या रास्पबेरी पाय या एका बोर्डाच्या छोट्या संगणकावर हे अंतर फार ठळक होतं. पाय ४ मध्ये लिनक्सने १५०० मागितले असतात, पण मोबाइलच्या चार्जरने आणि बारीक केबलने व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की फर्मवेअर (बोर्डातच बसवलेला प्रोग्राम) परस्पर ६०० वर आणून ठेवतं. मागणीचा आकडा १५०० च राहतो. प्रत्यक्ष ठोका 'व्हीसीजेनसीएमडी' या आज्ञेला 'मेझर-क्लॉक' विचारून कळतो. तिलाच 'गेट-थ्रॉटल्ड' विचारा. उत्तर ०एक्स५०००५ आलं तर व्होल्टेज आत्ताही कमी आहे, ०एक्स५०००० आलं तर मघाशी केव्हातरी पडून गेलं. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या लॅबमध्ये दुसरं उत्तर नेहमीचं.

मॅक आणि मोबाइलबद्दल थोडक्यात. ॲपलने स्वतःच्या एम मालिकेपासून 'अबाउट धिस मॅक' मध्ये वेग दाखवणंच सोडलं, फक्त 'एम१' असं नाव लिहितात. आकडा हवा असेल तर टर्मिनलमध्ये 'पॉवरमेट्रिक्स'. मोबाइलमधली ॲप कोरागणिक मागणीची फाइल वाचतात. तिथले आकडे बघून करमणूक होते, निदान होत नाही.

सॉफ्टवेअरच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास नसेल तर तपासायची स्वतंत्र रीत आहे. सेव्हन-झिपच्या कमांड लाइन आवृत्तीला 'बी' पर्याय दिला की सुरुवातीला 'सीपीयू फ्रीक' अशी ओळ आणि सात-आठ आकडे येतात. ते काउंटर वाचून काढलेले नसतात. एकापाठोपाठ एक अशा बेरजा करतात, ज्यात पुढची बेरीज मागचीचं उत्तर आल्याशिवाय सुरू होत नाही. अशी एक बेरीज एका ठोक्यात होते. किती बेरजा किती वेळात झाल्या, एवढाच हिशेब. नव्या लॅपटॉपवर चार्जर लावून, पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करून हे चालवा. आकडे ४००० च्या वर गेले तर दुकानदाराला फोन करायची गरज नाही. ते १३०० च्या आसपासच घुटमळले तर आधी कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग उघडून 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' बघा. 'लॅपटॉप तापू नये म्हणून ९९ करा' हा सल्ला सगळीकडे फिरतो, आणि ९९ केलं की टर्बो पूर्ण बंद होतो. एक टक्का कमी केल्यासारखं वाटतं, जातात दोन-तृतीयांश. तिथे १०० हवं, बॅटरीच्या आणि चार्जरच्या दोन्ही ओळींत.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. नाव हा नुसता मजकूर आहे हे वर आलंच. एएमडीच्या चिपमध्ये तर तो बायोसकडूनच, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामकडूनच, भरला जातो. रजिस्ट्रीतली हार्डवेअरची शाखा दर बूटला नव्याने तयार होते, त्यामुळे तिथे केलेली खाडाखोड टिकत नाही. पण लॉगिनला चालणारी छोटी स्क्रिप्ट ठेवली की नाव रोज बदलता येतं. म्हणून सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये कोर, थ्रेड, कॅशे आणि मॉडेल क्रमांक कंपनीच्या माहितीशी ताडून पाहा. नाव बदलता येतं, कोर वाढवता येत नाहीत.

आता ०.३९. ८२५०यूचा किमान वेग ४०० मेगाहर्ट्झ आहे, आणि तुमचा तिथेच खिळलाय. पहिला प्रश्न: खिळलाय तेव्हा तापमान किती? एचडब्ल्यूइन्फोमध्ये बघा. या चिपची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. उष्णतेने अडलेल्या मशीनचा वेग एका जागी राहत नाही. ९५-१०० ला भिडलं की उतरतो, गार झालं की चढतो, असा हेलकावतो आणि बूट झाल्यावरची पहिली काही मिनिटं ठीक असतात. बूट झाल्यापासूनच ०.३९, तापमान पन्नाशीच्या आत आणि आकडा हलत नाही, तर चिप गरम नाही. तिला बाहेरून 'थांब' सांगितलं जातंय. त्या तारेला प्रॉकहॉट म्हणतात. मदरबोर्डवरची दुसरी मंडळी, चार्जिंगचा भाग, वीजपुरवठ्याचे घटक, कीबोर्ड-पंखे सांभाळणारा छोटा कंट्रोलर, हीच तार खाली ओढून प्रोसेसरला किमान वेगावर पाठवू शकतात.

विंडोज याची नोंद ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम, आणि तिथे 'कर्नेल-प्रोसेसर-पॉवर' कडून आलेला ३७ क्रमांकाचा इव्हेंट शोधा. 'प्रोसेसरचा वेग सिस्टिम फर्मवेअरने मर्यादित केला आहे' अशा अर्थाचा मजकूर आणि किती सेकंद तसा आहे तेही त्यात असतं. तो सापडला तर विंडोज पुन्हा टाकून काही होणार नाही. त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

पहिला संशयित चार्जर. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग नुसत्या बॅटरीवर सुरू करा. वेग १.८ च्या वर गेला तर चोर सापडला. बऱ्याच कंपन्यांच्या गोल पिनेत मध्ये एक बारीक तार असते, तिच्यावरून चार्जर आपण किती वॉटचा ते लॅपटॉपला सांगतो. बाजारातला नकली चार्जर ते सांगत नाही, किंवा अस्सल चार्जरच्या त्या पिनेवर खाऱ्या हवेने हिरवा थर चढलेला असतो. मग लॅपटॉप चालतो, पण चार्जर अनोळखी म्हणून प्रोसेसर किमान वेगावर ठेवतो आणि बऱ्याचदा बॅटरीही चार्ज करत नाही. पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा. नाही जमलं तर त्याच वॉटचा अस्सल चार्जर लावून बघा. यूएसबी-सी वाल्या लॅपटॉपला मोबाइलचा चार्जर लावला की हेच होतं. फुगलेली किंवा काढून ठेवलेली बॅटरी हेही कारण असू शकतं, कारण अचानक लागणारा विजेचा झटका चार्जर एकटा पुरवू शकत नाही. फुगलेली बॅटरी असेल तर मशीन त्या दिवशीच बंद करा.

तापमान खरोखरच ९५ च्या वर जात असेल तर कारण आपल्याकडचं आहे. खोलीचं तापमान २४ वरून ३४ झालं की त्याच कामाला प्रोसेसरही साधारण १० अंशांनी वर जातो. एसीत ९० वर थांबणारा लॅपटॉप मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात १०० ला टेकतो. त्यात जांभ्याची लाल धूळ आणि दमट खारी हवा मिळून पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये नमदा तयार होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून पाठ उघडल्याशिवाय तो कळत नाही. उघडल्यावर आधी बॅटरीची जोडणी काढा. पंख्याचं पातं बोटाने धरूनच ब्लोअर मारा. मोकळं सोडलं तर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. नमदा चिमट्याने ओढून काढा, नुसत्या हवेने तो आणखी घट्ट बसतो. प्रोसेसर आणि तांब्याच्या मधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा आणि नवी तांदळाच्या दाण्याएवढी. या चिपवर धातूचं झाकण नसतं, तेव्हा उघड्या चकाकत्या भागावर पातळ सारखी पसरा. स्क्रू थोडेथोडे, आलटून पालटून, कर्णावरच्या क्रमाने आवळा. हे काम मिरग लागायच्या आधी उरका. पावसात उघडं ठेवलेल्या बोर्डावर ओल धरते, आणि तिथून पुढची दुखणी सुरू होतात.

चार्जर बदलला, बॅटरी तपासली, पंखा साफ केला, बायोस अपडेट झाला, तरीही ०.३९? मग थ्रॉटलस्टॉप नावाचा प्रोग्राम घेऊन 'बीडी प्रॉकहॉट' ची खूण काढून बघा. वेग लगेच उठला तर बाहेरची तारच दोषी हे पक्कं. याला उपाय समजून कायम तसंच ठेवू नका. प्रोसेसर स्वतःच्या उष्णतेने १०० ला तरीही थांबेल, पण वीजपुरवठ्याचे घटक तापून ओरडत असतील तर त्यांची घंटा तुम्ही कापली आहे. दुरुस्तीवाल्याकडे देताना 'स्लो चालतो' एवढंच सांगितलंत तर तो हार्डडिस्क बदलून देईल. 'बीडी प्रॉकहॉट काढल्यावर वेग येतो, इव्हेंट ३७ आहे' असं सांगा आणि ती तार मल्टिमीटरने बघायला लावा: निरोगी असताना तिच्यावर १ व्होल्टच्या आसपास असतं, कुणी खाली ओढली असेल तर शून्याजवळ. शून्य मिळालं तर चार्जिंग जॅक आणि चार्जिंग आयसीभोवती पांढरे-हिरवे डाग शोधायचे, तो भाग अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवायचा, पूर्ण सुकवायचा आणि पुन्हा मोजायचं.